पाऊस मोजणारा

सोलापुरात आमच्या वस्तीशेजारी कचेरी होती. तिच्या आवारात पाऊस मोजायचं पत्र्याचं गोल भांडं जमिनीत बसवलेलं होतं. माझ्या सासूला ती महादेवाची पिंड वाटली. ती रोज तिच्यावर तांब्याभर पाणी घाली. सकाळी एक लांब मानेचा माणूस येई आणि एक डोळा मिटून ते पाणी काचेच्या नळीत मोजी. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

एकदा त्यानं सासूला गाठलंच.

"मावशी, आभाळात ढग न्हाय, मग हितं पाऊस कसा वो?"

"देवाला पानी घालाय नगं व्हय?"

"देव न्हाय, पावसाचं माप हाय ते. ह्यात बोटभर पानी साठलं, तर वरच्या समद्या माळावर बी तेवढंच पडलं की! ते उतारानं कुटं जाईल?"

सासूनं कोरड्या ओढ्याकडं पाहिलं. वारा लागू नये म्हणून आमची मेंढरं तिथंच बसत.

"हितं ऊन असलं तरी वर काळं दिसलं की मेंढरं हलवा," तो म्हणाला.

"मोजून पाऊस थांबतोय व्हय?"

"थांबत न्हाय. पर आपुन हलतो की!"

त्या पावसाळ्यात एका दुपारी वरच्या अंगाला आभाळ काळं झालं. सासूनं त्या मोजणाऱ्याला शिव्या देत मेंढरं माळावर नेली. दिवस मावळायच्या आत ओढा दोन्ही काठ भरून आला. आमचं एक कोकरूही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला भांड्यावर हळदकुंकू दिसलं. त्यानं वाकून आत पाहिलं आणि हसला.

"भाईरनंच लावलंय न्हवं? मग चालतंय."