उसात अडकलेली तबकडी

"नोकरी कर की, कोण नको म्हणतंय? घरात बसून होत असंल तर खुशाल कर."

लग्न ठरताना आण्णांनी, म्हणजे संयोगिताच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, एवढी एकच अट घातली, तीही हसत हसत. हसून घातलेल्या अटीला माणूस पटकन मान डोलावतो आणि तिथंच फसतो. संयोगितानंही डोलावली.

तिची नोकरी कोल्हापुरात होती. केबल न टाकता हवेतून इंटरनेट पोचवणाऱ्या कंपन्या घराच्या छतावर एक तबकडी बसवतात. जेवणाच्या ताटाएवढी पांढरी तबकडी, मागं एक डबी, खाली वायर. लांबच्या टॉवरकडं तिचं तोंड नीट लागलं की घरात इंटरनेट चालू. या तबकड्या बाजारात जायच्या आधी ऊन, वारा, पावसात तपासायच्या आणि चालतात की नाही ते लिहून द्यायचं, हे संयोगिताच्या ऑफिसाचं, म्हणजे तिचंच, काम. आणि पोरगी कामात वाघीण, बरं का! शिडी कुणी धरायची वाट न बघता पत्र्यावर चढणारी, आणि तिनं पास म्हटलेली तबकडी कधी परत आली नाही.

अशी ही वाघीण आली कुठं, तर मळ्यातल्या घरात. गाव मैलभर लांब आणि घराच्या चारी बाजूंना आण्णांचा ऊस. नवरा आदर्श पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा. माणूस चांगला, पण वडिलांसमोर तोंड उघडायचा ते फक्त जेवायला.

घरी बसून तबकड्या कशा तपासणार? पण संयोगितानं डोकं चालवलं. फेब्रुवारीत एक नवीन तबकडी तपासायला आली होती. तिनं साहेबांना, अमरसिंहांना, सांगितलं, "सर, ही माझ्याच घरावर लावते. खऱ्या गावात खरी चाचणी होईल." तेव्हा ऊस नुकताच तुटून कारखान्याला गेला होता. वावर मोकळं, समोर जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून लख्ख, आणि डोंगराच्या अंगावर टॉवर. तिनं तबकडी फिरवली आणि आकडा आला, मायनस अठ्ठावन्न. या धंद्यात आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात. मायनस ऐंशीच्या खाली गेला की सगळं ठप्प. अठ्ठावन्न म्हणजे झकासच. तिनं कागदावर लिहून टाकलं, "बारमाही उत्तम."

तिची सासू चिमणाबाई, जिला ती आत्ती म्हणायची, खालून बघत होती.

"ती कुटं बघालीया गं?"

"डोंगरावरच्या टॉवरकडं, आत्ती."

चिमणाबाईंनी आधी डोंगराकडं बघितलं, मग मधल्या तुटल्या उसाच्या बुडख्यांकडं बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि म्हशीकडं गेल्या.

इंटरनेट कंपनीनं कळवलं, आता पावसाळाभर चालवून बघा. तीस सप्टेंबरपर्यंत टिकली तर ही तबकडी गावोगाव लावू, आणि पुढच्या सगळ्या चाचण्या संयोगिताच्या घरीच. नाही टिकली तर काढून परत पाठवा. म्हणजे नोकरी राहते की जाते, ते त्या ताटाएवढ्या तबकडीवर येऊन ठेपलं.

आणि मग खोडवा, म्हणजे तुटल्या बुडख्यांतनं पुन्हा फुटलेला ऊस, वाढायला लागला. डोंगराकडचं वावर घरापेक्षा पुरुषभर उंचावर. जूनमध्ये तिथला ऊस छातीला लागला, जुलैत डोक्यावर गेला. आकडा बासष्ट, सहासष्ट, एकाहत्तर. संयोगितानं आधी वायर बदलली, मग डबी उघडून बघितली, मग पावसाला शिव्या घातल्या. एक दिवस छतावर उभी राहिली तर डोंगराचा फक्त माथा दिसला, खाली सगळी हिरवी भिंत. तिनं कपाळावर हात मारून घेतला. उसाच्या घरात सून म्हणून आली आणि ऊस वाढतो हेच विसरली! आता बोला!

तबकडी ज्या पाइपवर बसवलेली तो उंच करायचा म्हटलं तर चाचणीचा नियम आडवा. गिऱ्हाईकाला चार फुटी पाइप मिळणार, तेव्हा तपासायचं चार फुटांवरच.

ऑगस्ट सरला तोवर घराची पेटी झाली. दारातनं ऊस, खिडकीतनं ऊस, मोरीच्या झरोक्यातनंसुद्धा ऊस. दिवसभर पाल्याची सळसळ ऐकून डोकं उठायचं. डोंगराकडच्या वावरापलीकडच्या रस्त्यानं एसटी जाताना हॉर्न ऐकू यायचा, गाडी काही दिसायची नाही. बाहेर पडायची वाट एकच, मागची चिखलाची पाणंद, आणि तिच्या तोंडाशी गोठ्याजवळ आण्णांची बाज. "कुटं निघालीस पोरी? काय पायजे ते सांग, मी आणतो की." आवाजात माया असायची. आण्णा रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. मायेनं अडवणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? ती मुकाट परत फिरायची आणि स्वतःचाच राग राग करायची.

सप्टेंबर लागला आणि एका मीटिंगमध्ये अमरसिंह बोलता बोलता तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले. आकडा मायनस एकोणऐंशी. संयोगिता जिन्यात बसून हमसून हमसून रडली.

"का रडालीस गं?" चिमणाबाई शेजारी टेकल्या.

"आत्ती, ही बंद पडली की मी पण बंद."

चिमणाबाई म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली मला हितं. श्रावण लागला की रस्ता दिसायचा बंद, ते पार ऊस तुटंपातूर. माझा बा वारला तवा माह्यारचा माणूस रस्त्यावरनं हाका मारून मारून कंटाळून गेलता. ह्या सळसळीत मला ऐकूच आलं न्हाय बघ." आणि पदर खोचून उठल्या, वैरणीला गेल्या.

त्यानंतर मोठीच गंमत सुरू झाली. आकडा सुधारायला लागला. सत्त्याहत्तर, चौऱ्याहत्तर, सत्तर! संयोगिता हरखली. पण तपासणाऱ्याची जात. सिग्नल उगाच सुधारत नसतो, हे तिला पक्कं ठाऊक. ती छतावर चढली आणि बघतच राहिली. वरच्या वावरातल्या दोन सऱ्या, उसाच्या दोन अख्ख्या ओळी, गायब! घरापासून थेट डोंगराच्या रोखानं, एका रेषेत. आणि त्या फटीच्या टोकाला चिमणाबाई, हातात विळा, डोक्यावर उसाचा भारा.

"आत्ती, हे काय केलंत!"

"वैरण काढली. बांधावरनं काढायची ती तुजी तबकडी बघत्या तिकडनं काढली, एवढंच."

संयोगितानं त्यांना भाऱ्यासकट मिठी मारली. किती दिवसांनी ती पोटभर हसली होती! ते हसू चार दिवस टिकलं. मग एक किडा डोक्यात शिरला तो निघेना. ही चाचणी कुठं राहिली? गिऱ्हाईकाच्या घरी चिमणाबाई कुठनं आणायच्या? ही तबकडी पास केली तर शंभर गावांत शंभर घरं श्रावणात तोंड वासून बसणार, आणि त्यात तिच्यासारखी एखादी सून असली तर?

तीस तारखेला आकडा अडुसष्ट. अमरसिंहांचा फोन, "मॅडम, पास! द्या पाठवून."

तिनं लिहिलं, "उभ्या उसात चालत नाही. शेवटचे वीस दिवस मधला ऊस कापला होता, ते आकडे धरू नयेत." आणि पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला, तबकडी काढा आणि परत पाठवा.

एरवी मागं गोठ्याशीच बसणाऱ्या आण्णांना नेमक्या त्याच दिवशी ती फट दिसली. मळा दणाणला.

"माजा ऊस कुणी कापला?"

"म्या," चिमणाबाई म्हणाल्या.

"का?"

"म्हशीला."

"दोन सऱ्या? सरळ रस्त्यापातूर?"

"व्हय."

चाळीस वर्षांत बायकोनं असं एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं. आण्णा सुनेकडं वळले. "आता ते तुजं बंदच झालं नव्हं? मग बस की निवांत. तबकडी न्यायला येईल की कंपनीचं माणूस."

"कंपनीचं माणूस हीच की," चिमणाबाई म्हणाल्या. "तीच नेऊन देईल. आणि तिच्यासंगं मीबी जाणार."

"आण्णा, तबकडी देऊन मी ऑफिसात टेबल मागणार आहे," संयोगिता म्हणाली. "रोज जाईन, रोज येईन." आण्णा बाजेवर बसले आणि कुणाकडंच न बघता तंबाखू मळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या, पाणंदीनं नाही, फटीतनं. तबकडी पिशवीत घालून संयोगितानं छातीशी धरलेली. पायाला बुडखे टोचत होते, पाला हातांना कापत होता. शंभर पावलं झाली असतील नसतील, आणि समोर डांबरी रस्ता.

चिमणाबाईंनी वळून मागं बघितलं. फटीच्या त्या टोकाला घर दिसत होतं. दार, तुळस, आणि दारात येऊन उभे राहिलेले आण्णा, एवढेसे.

एसटीचा हॉर्न वाजला, गाडीही दिसली. चिमणाबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या घराकडं बघत होत्या, आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"माह्यारच्या माणसानं हितनंच हाका मारल्या आसतील. इतकं जवळ हाय व्हय गं?"