बुबूच्या मनगटावरचा डाग

त्या वेळी आम्ही होतो ते असे: बाबा, मा, बाबांची मोठी बहीण म्हणजे आमची विधवा फुफी, बाबांचा धाकटा भाऊ म्हणजे चाचा, माझी मोठी बहीण, तिला मी बुबू म्हणायची, आणि मी. गाडी हाकणारा गडी वेगळा. त्यातली आज मी एकटीच उरलेय. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. सही येते, बाकी काय नाही. मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. तिला म्हटलंय, सुधारत बसू नको.

लग्न बुबूचं होतं. देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. आमच्यात वरात मुलीच्या दारात येते. पण नवऱ्या मुलाचा आजा अंथरुणाला खिळलेला. त्याला निका डोळ्यांनी बघायचा होता. मुलगा बोटीवर खलाशी, रजा थोडी. त्यांनी निरोप धाडला, नवरीला घेऊन तुम्हीच या. त्यांचं गाव देवगडच्या पलीकडे, समुद्राला लागून. बाबांना बरंच वाटलं. त्या वाटेवर दोन पीर होते. जाताना डोंगरावरच्या पिराला मागणं घालायचं, येताना किनाऱ्यावरच्या पिराला लग्न पार पडलं म्हणून हिरवी चादर चढवायची, असा त्यांचा नवस.

मागणं एकच होतं. बुबूच्या डाव्या मनगटावर पांढरा डाग उठला होता. मुलाची आई बघायला आली तेव्हा तो नव्हता. सुपारी फुटल्यावर पावसाळ्यात उठला. आधी तांदळाएवढा, मग रुपयाएवढा. आम्ही तो कोणाला दाखवला नाही. लांब बाह्यांचं झंपर शिवलं. पण निका लागायच्या आधी, त्याच दिवशी हळदीला मुलाकडच्या बायका नवरीला चुडा भरतात. मुलाची आई स्वतः नवरीचा हात हातात धरते आणि कासारीण बांगड्या चढवते. तिथे बाही वर करावीच लागते. म्हणजे चुडा भरेपर्यंत तो डाग दिसता कामा नये, एवढ्यावर बुबूचं सगळं अडलेलं.

गाडीत मा म्हणाली, "आपण सांगून टाकूया. मुलाच्या आवशीक एकटीक बाजूक घेवन मी सांगतंय."

बाबा म्हणाले, "काय सांगतलंस? चेडवाक कोड आसा? मगे धाकटीक कोण विचारतलो?"

"लपवन काय व्हतला?"

"चुडो भरल्यार कोण बघता? चुडो भरीसर निभवूचा आसा, बस."

चाचा पुढे गड्याशेजारी विडी ओढत बसला होता. तो वळून म्हणाला, "वहिनी, तू गप रव. तू बोलतंस तेव्हा बैलसुद्धा थांबतत." गडी हसला. मा तोंड फिरवून बसली.

बुबू मला गुळाचं खाजं भरवत होती. जामसंड्याच्या बाजारात चाचानं फुलं घेतली तेव्हा तिनं त्याला खाजं घ्यायला लावलं होतं. मला म्हणाली, "खा गो पोटभर. माझ्या सासरी गेल्यावर हात आखडता घे. नायतर म्हणतील, नवरीची भैन उपाशी इली."

डोंगरावरच्या पिराशी आम्ही दुपारी पोचलो. बाबा आणि चाचा आत गेले. बायका बाहेरच्या पायरीवर. बुबूनं पदर पसरला, डोळे मिटले. मी तिच्या ओठांकडे बघत होते. ती डागाचं मागत होती की नवऱ्याचं, कळलं नाही.

फुफीनं तिला दर्ग्याच्या मागे वडाखाली नेलं. मला म्हणाली, "तू पण ये. हात धरूक कोणतरी होया."

फुफीच्या कनवटीला बाटली होती. तिच्यात काजूच्या टरफलाचं तेल. आमच्याकडे ते होडीच्या तळाला लावतात, पाणी मुरू नये म्हणून. लाकूड काळं पडतं. ज्या बायका काजू भाजून फोडतात त्यांची बोटं त्या तेलानं काळीभोर होतात, जन्मभर तशीच राहतात, फुफीचीही तशीच होती. फुफीनं विचार केला, लाकूड काळं होतं, बोटं काळी होतात, तर पांढरा डाग का नाही होणार? ते तेल अंगाला लागलं की आधी फोड येतात, हे तिला ठाऊक होतं. आमच्याकडे पोराटोराला ठाऊक असतं. कच्ची बी तोंडात घातली की ओठ सुजतो. पण तिनं दर्ग्यातल्या दिव्याचं तेल मागून आणलं होतं आणि उदाची राख. दोन्ही त्यात मिसळलं.

"पिराच्या दिव्याचा त्याल आसा ह्या," ती म्हणाली. "ह्या भाजूचा नाय. थंड करता."

बुबू म्हणाली, "फुफी, तुझी बोटां भाजली होती तेव्हा तू रडलं होतंस."

"त्या तेलात पीर नव्हतो. हात दी."

बुबूनं हात दिला. मी कोपराकडून धरला. फुफीनं काडीला कापूस गुंडाळला आणि डाग भरून काढला, कडेनं थोडं जास्तच. काळपट दिसला. फुफी खूश झाली. "बघ, लपलो की नाय?"

गाडी उतारावर लागली तेव्हा बुबूच्या कपाळावर घाम आला. ती हात मांडीखाली दाबून बसली. मानं विचारलं तर म्हणाली, "काय नाय, बांधावरसून गाडी गेली ना, कंबर दुखता." मला तिनं डोळ्यानं गप्प केलं. मी गप्प बसले. मोठ्यांच्या मध्ये बोलायची रीत नव्हती.

नवऱ्याच्या घरी मांडव पडला होता. बोकड कापले होते. आजा पडवीत बाजेवर पडून सगळ्यांना विचारत होता, "इली? नवरी इली?" बुबूनं वाकून त्याला सलाम केला. तो म्हणाला, "बरा आसा चेडू. शांत आसा." आम्हाला आतली खोली दिली.

सकाळी बुबूच्या मनगटावर फोड होते. द्राक्षासारखे, एकाला एक चिकटलेले. सगळा पंजा सुजलेला. मानं बघितलं आणि फुफीच्या तोंडाकडे बघितलं. फुफी म्हणाली, "दोन दिसात खपली धरतली, मगे काळो पडतलो."

मा म्हणाली, "चुडो आज आसा गो. दोन दिसांनी नाय."

मा तेव्हाच उठून मुलाच्या आईकडे जाणार होती. बाबांनी दारात अडवलं. म्हणाले, हळदीनं माखून टाका, हळदीखाली काय दिसत नाही. फुफीनं फोडांवर हळद थापली. बुबूनं ओठ चावला, रक्त आलं, पण आवाज काढला नाही.

बायका आल्या, गाणी सुरू झाली. मुलाची आई समोर बसली. जाड हाडाची बाई. कासारणीनं हिरव्या बांगड्या पुढे केल्या. मुलाच्या आईनं उजवा हात धरला, चुडा भरला. मग डावा मागितला. बुबूनं दिला. ती बाई मनगट आवळून धरायची, बांगडी सरकावी म्हणून. तिनं तसंच आवळलं. फोड फुटले. तिच्या बोटांतून पाणी गळलं, हळदीबरोबर.

ती एकदम उठली. हात पदराला पुसत ओरडली, "रगतपिती! अगो, हिका रगतपिती आसा!"

रगतपिती म्हणजे महारोग. गाणी थांबली. बायका भिंतीला लागल्या. एकीनं आपलं पोर उचललं. कासारीण बांगड्यांचा हारा घेऊन बाहेर पळाली.

मा पुढे झाली. तिनं सगळं सांगितलं, डाग, तेल, सगळं. रडत नव्हती, नीट सांगत होती. मुलाची आई म्हणाली, "आता सांगतंस? माझ्या हातार पू सांडल्यावर सांगतंस?" फुफी म्हणाली, "पू नाय तो, पाणी." कोणी तिच्याकडे बघितलंही नाही.

पुरुषांत बोलणं झालं. काझी येऊन बसला होता. जेवण शिजलं होतं. मुलाची रजा संपत होती. आजा बाजेवरून विचारत होता, गाणी का थांबली. मुलाचा बाप म्हणाला, "माणसां जमली हत. पोराक बिनलग्नाचो बोटीवर धाडूचो नाय. तुमची दुसरी आसा ना? तिचे हात दाखवा."

बाबांनी माझे हात दाखवले. दोन्ही. मग पाय, मान, पाठही बायकांनी आत नेऊन बघितली. मी पंधरा वर्षांची होते. मी बाबांना म्हटलं, "बुबूचा काय?" ते म्हणाले, "बुबूचा मगे बघू."

बुबूच्या अंगावरचं लुगडं मानं उतरवलं आणि मला नेसवलं. उजव्या हातातला चुडा फोडला नाही, काढून घेतला, उकळत्या पाण्यात टाकला आणि मला भरला. बुबूला मागच्या वाडीत, होडीची वल्ही ठेवायच्या झोपडीत बसवलं. ती जाताना मला म्हणाली, "पदर नीट घे गो, खांद्यार घसरता." एवढंच.

वकील आणि साक्षीदार पडद्यापाशी आले. विचारलं, कबूल आसा? मी गप्प. पुन्हा विचारलं. मी गप्प. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा फुफीनं माझी मान मागून खाली दाबली. बाहेर कोणीतरी म्हणालं, "लाजता. हां म्हणान धरा." बाबांनी सगळ्यांना खजूर वाटले.

ते परत गेले तेव्हा मी नव्हते, मानं नंतर सांगितलं. बाबांनी किनाऱ्यावरच्या पिराला हिरवी चादर चढवली. मुलीचं लग्न झालं होतं, नवस फिटायला हवा होता. बुबूला गाडीत बसवून ठेवलं. तिच्या हाताला बांधलेलं फडकं बघून तिथल्या बायका पायरीवर येऊ देईनात. चाचा तिच्याजवळ थांबला. तो म्हणाला, "गो, मी विडी वडतंय, वाऱ्याच्या त्या बाजूक बस." त्याला दुसरं काय सुचलं नसेल.

महिन्यानं बुबूचा हात भरून आला. डाग काळा पडला, अगदी काळाभोर. फुफी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "बघा, माझा औषद लागला." पण तोवर रगतपितीची बातमी देवगडपासून मालवणपर्यंत पोचली होती. बुबूला पुन्हा कोणी बघायला आलं नाही. बाबा म्हणाले होते मगे बघू, तर बघणं झालं नाही. ती त्यांच्याच घरी म्हातारी झाली. तिनं पोरं सांभाळली, सगळी दुसऱ्यांची. जाळी विणली. ती पाणी देऊ लागली की लोक म्हणायचे, तहान नाही.

माझी सासू वाईट नव्हती. मला मारलं नाही कधी. माझा पहिला मुलगा चालू लागला त्या वर्षी, एकदा मासे साफ करताना ती सहज बोलली, "तुझ्या भैनीचो डाग आधी सांगितल्यानी आसता तर मी तिकाच सून केलंय आसतंय. माझ्या आवशीच्या पायार आसाच डाग होतो. कोड म्हणजे काय मोठा?" मी सुरी तशीच धरून राहिले. ती म्हणाली, "हात चालव गो, दुपार झाली."

ते मी बुबूला सांगितलं नाही. सांगून काय मिळालं असतं तिला? त्याआधी त्याच मुलाच्या बारशाला ती आली होती. सासूनं तिला पाणी करवंटीतून दिलं, बाकीच्यांना पेल्यातून. कोड म्हणजे काय मोठं म्हणणारी तीच सासू. लोक बसले होते ना, त्यांच्यापुढे. बुबूनं करवंटी दोन्ही हातांनी घेतली, पाणी प्यायली, करवंटी वाडीत नेऊन फेकली, आणि परत येऊन माझ्या मुलाला मांडीवर घेतलं. कोणी अडवलं नाही, कारण कोणाचं लक्ष नव्हतं. नवरा माझा चांगला होता. पण तो बुबूचा व्हायचा होता, असं माझ्या मनात यायचं, म्हणून मी त्याच्याकडे फार बघायची नाही.

बुबू आता नाही. न्हाऊ घालायला मीच गेले होते. बायका लांब उभ्या होत्या. मी एकटीनं तिला न्हाऊ घातलं.

हे कोणी वाचलं तर माझं एक ऐका. अंगावर डाग असलेली बाई तुमच्या घरी आली तर तिला पाणी तुमच्या पेल्यातून द्या. आणि तिच्या हातचं मागून प्या, चार माणसांच्या पुढे.