जिवलीने भिजवलेले बोंबील

…नाय गो रोशनी, ते खोड. ‘जिवली वाईट बाय होती’ असं नको लिवू. ‘चांगली होती’ असंपण नको. माणूस काय मासा हाय, कल्ला उघडून बघितला का कळलं ताजा का शिळा? मी सांगते तसं लिव. ठरवायचं ते वाचणारा ठरवेल.

जिवली नरपडची. बाप चिकूच्या वाडीत कामाला, ही लहानपणापासून झाडाखाली. लगीन होऊन आपल्या वरोरला मोरूच्या घरात आली तवा तिला बोंबील कुठनं धरायचा तेपण ठाऊक नव्हतं. बोंबील कसे सुकवतात ते तू जन्मापासून बघतेस, पण वाचणाऱ्याने बघितलं नसेल, म्हणून लिव. बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या, ती वलांडी. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडं, एक पलीकडं. दात दातात रुततात, वारा कितीपण सुटला तरी जोडी सुटत नाय. जिवलीच्या हातनं मात्र सुटायची. मोरूचा धाकटा भाऊ चंद्रा हसायचा. "वयनी, चिकू नाय ते, देठ शोधू नका," असं चार बायांपुढं बोलायचा. तीपण हसायची. पहिली दोन-तीन वर्षं हसली.

मंग भाऊ वेगळे झाले. एका होडीच्या दोन होड्या झाल्या. समुद्रात खुंट ठोकलेला असतो ना, ज्याला जाळं बांधतात, तो मोरूचा बापाच्या वेळचा. चंद्राने आपला खुंट नेऊन त्याच्या पुढं ठोकला. म्हणजे पाण्याबरोबर येणारी मासळी आधी चंद्राच्या जाळ्यात, उरलंसुरलं मोरूच्या. मोरू गरीब, भावाला काय बोलला नाय. जिवली बोलली, आणि भर किनाऱ्यावर बोलली. चंद्राने विचारलं, समुद्र काय तुझ्या बापाची वाडी हाय का. तेवढ्यावर तिने मासळीची पाटी त्याच्या तोंडावर हाणली, त्याने तिचा आंबाडा धरून तिला वाळूत ओढली. लोकांनी सोडवलं तवा त्याच्या मुठीत तिचे केस होते आणि तिच्या दातात त्याच्या मनगटाचं कातडं.

आता आपल्या किनाऱ्याचा एक नेम हाय. ढग आलं का वलांडी कुणाची ते बघायचं नाय. जी जवळ असेल तिचे बोंबील काढायचे. दुश्मनाची असली तरी काढायचे, भांडण पाऊस गेल्यावर. सुकत आलेला बोंबील भिजला का त्यात किडे पडतात, केलेली मेहनत कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सासू-सून वर्षभर बोलत नसतील, तरी ढग आल्यावर दोघींचे हात एका दोरीवर चालतात. कुणी शिकवलं नाय गो हे. पण कुणी मोडलंपण नव्हतं.

त्या साली मार्गशीर्षात ढग आलं. दुपारची वेळ, गडीमाणसं समुद्रात. चंद्राची बायको जयवंती बाळंतपणाला माहेरी, उंबरगावाकडं. बाया धावल्या. आपापले काढून आम्ही दोघी-तिघी चंद्राच्या वलांडीकडं निघालो, तर जिवलीने लांबनं हात केला. बोलली, दिराचे मी काढते, तुम्ही खालच्या अंगाला जा. आम्हाला बरं वाटलं. म्हटलं चला, मिटलं म्हणायचं. आम्ही वळलो, आणि जिवली आपल्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. पाऊस आला. ती हात बांधून बघत राहिली. चंद्राचा नऊ दिवसांचा माल भिजला, तो तिने सगळा बघितला.

संध्याकाळी रडलीसुद्धा. घाबरले, हात चालले नाय, पाऊस लवकर आला. आम्ही मानलं, मोरूनेपण मानलं. चंद्राने नाय मानलं. का, ते सांगते. घाबरलेली बाय बोंबील ओरबाडते आणि घरात ढीग फेकते. जिवलीच्या घरात तिचे बोंबील जोड्या सोडवून, जुड्या बांधून, भिंतीला ओळीने रचलेले होते. चंद्रा दारापर्यंत आला, तेवढं बघितलं, आणि माघारी गेला.

परत आला तो कोयता घेऊन.

जिवलीवर आला होता तो. मोरू जेवत होता, तो तसाच खरकट्या हाताने मधी उभा राहिला. कोयता मोरूच्या उजव्या हाताला मनगटाच्या वर लागला. मोरू खाली बसला तरी चंद्रा थांबला नाय, त्याच हातावर दुसरा घाव घातला. बाजूला नविन बसला होता, जिवलीचा पोर, नऊ वर्षांचा. रक्त उडालं ते त्याच्या भातात. पोर ताटाकडं बघत बसला.

मंग गडी धावले. वल्ही घेऊन चंद्राला झोडपला, त्याचा जबडा मोडला, त्याच्याच वलांडीच्या बांबूला बांधून ठेवला पोलीस येईपर्यंत. आणि जिवलीने काय केलं, तर बांधलेल्या माणसाच्या तोंडावर दगड मारला. एकदा नाय, दोनदा. हेपण लिव. गाळू नको.

चंद्रा सात वर्षं आत गेला. जयवंती तान्ह्या पोरीला घेऊन माहेरीच राहिली. मोरूचा हात डॉक्टरने वाचवला म्हणायचं, पण त्यात जीव राहिला नाय, सुकल्या फांदीसारखा लोंबायचा. गावात कुणाला कधी उलटं न बोललेला तो मोरू, ताडीला लागला, ताडीवरनं दारूला. मंग जिवलीला मारायला लागला. डाव्या हाताने. आणि डावा हात मोजून मारत नाय गो. कधी पाटा उचलून, कधी कढत कालवण अंगावर. एकदा तिचा खांदा निखळला, मीच बसवला. ती हूं का चूं करायची नाय. मला वाटायचं, केवढी सोशिक बाय. आता कळतं, ती मोजून घेत होती. तिला ठाऊक होतं ते कशाचं हाय.

पण एक काम ती चुकवायची नाय. रोज दिवा लागला का मोरूच्या त्या मेल्या हाताला तेल चोळायची, आणि नविनला समोर बसवायची. बोलायची, बघ, तुझ्या काकाने केलं, विसरू नको. पाच वर्षं बसवला. मोरू मेला त्या दिवशीपण, अंगावर पांढरं टाकायच्या आधी, पोराला तो हात हातात धरायला लावला. भिजलेल्या बोंबलांचं कधी सांगितलं नाय. पोराला दुःख द्यायचं तर पुरं द्यावं गो. अर्धं दिलं का ते आंबतं.

आणि आंबलं. सोळाव्या वर्षी नविनने डहाणूच्या बाजारात एका पोराचं नाक फोडलं, का तर तो चंद्रासारखा हसला म्हणे. एकोणिसाव्या वर्षी होडीवरच्या खलाशाला वल्ह्याने असा मारला का तो आठ दिवस बहिरा होता. आम्ही सांगायला गेलो का जिवली बोलायची, बापाविना पोर, रागीट असायचाच. पण तोंड वळवून जरा हसायची. ते हसू मी बघितलंय.

नविन बावीसचा झाला तवाची गोष्ट. आपला टेम्पोवाला विनोद, मासळी घेऊन तलासरीला जातो तो, चहा पिता पिता सहज बोलून गेला. चंद्रा सुटून कधीचा अच्छाडला हाय. हायवेच्या नाक्याजवळ धाब्याच्या बाजूला बसून ट्रकच्या फाटक्या ताडपत्र्या शिवतो, जाळ्याच्या सुईने. दाढी वाढलीय, पण हात तोच, टाका बघून ओळखला. विनोदच्या मनात काय नव्हतं. नविन पाठीमागच्या बाकड्यावर बसला होता. त्याने चहा अर्धा ठेवला, घरी गेला, नवा घेतलेला कोयता गोणपाटात गुंडाळला आणि मोटरसायकल काढली.

जिवली विहिरीवरनं आली तर कोयत्याची खुंटी रिकामी. तिला कुणी सांगावं लागलं नाय. चंद्राचं ठिकाण विनोदकडनं कळलं, तशीच ओल्या लुगड्याने त्याच्या टेम्पोत बसली. विनोद सांगतो, सगळ्या वाटेत नुसती आपल्या तळहाताकडं बघत होती. मला तिने मागनं सांगितलं. बोलली, देवाशप्पथ, चंद्रा मेला तर मेला, मला त्याचं काय नव्हतं वाटत. मला पोराचा हात दिसत होता. बेडी घातलेला. आणि त्याला तेल चोळायला मी नाय.

अच्छाडला पोचली तवा ट्रकवाल्यांनी कडं केलेलं. दोघं-तिघं मोबाइल धरून उभे. मधी ताडपत्रीच्या घडीवर चंद्रा बसलेला, कोयत्याच्या उलट्या बाजूने डोकं फोडलेलं, एक डोळा रक्ताने बंद. नविन त्याच्यापुढं उभा. तो ओरडत नव्हता. हळू आवाजात बोलत होता, "हात पुढं कर. उजवा." आणि चंद्राने हात पुढं केला होता गो. ताडपत्रीवर ठेवला होता, पालथा, जसा सुरमई कापायला ठेवतात.

जिवली घुसली आणि त्या हातावर पालथी पडली. नविनने तिला पायाने ढकललं. ती ट्रकच्या हुकावर आपटली, हनुवटी फाटली, हाड दिसलं. तशीच गुडघ्यावर आली.

"त्या दिवशी ढग आलं तवा याचे बोंबील मी भिजवले," ती बोलली. "काढते म्हणून बायांना घालवलं आणि बघत उभी राहिले. तो मला मारायला आला होता. तुझा बाप मधी आला."

नविनला पहिल्यांदा कळलंच नाय. मंग त्याने विचारलं, "बाबाला ठाऊक होतं?"

"नाय."

"मंग रोज संध्याकाळी मला काय दाखवत होतीस?"

नविनने तिच्या थोबाडीत मारली. डाव्या हाताने, बापासारखी. मंग आणखी एक. मंग तिला सोडून त्या ताडपत्रीवर कोयता घालायला लागला, घालतच राहिला, दांडा निसटेपर्यंत. ट्रकवाले मागं सरकले. पोराच्या तोंडाला फेस आलेला.

तवा चंद्रा बोलला. मोडलेल्या जबड्याने त्याचं बोलणं घोगरं येतं. "मला त्याच दिवशी ठाऊक होतं. जुड्या बघितल्या मी. पण मासळीपायी भावाचा हात तोडला तो मीच. तिचं तिच्याकडं राहू दे, माझं माझ्याकडं. तू कशाला आमचं उचलतोस?"

एवढंच. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाय. कुणी माफी मागितली नाय. विनोदने टेम्पोतला मासळीचा बर्फ फडक्यात बांधून एक पुरचुंडी चंद्राच्या डोक्याला दिली आणि एक जिवलीच्या हनुवटीला. दोघं बर्फ धरून एका फळीवर बसली. विनोद त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरने चंद्राला विचारलं, कसं लागलं. तो बोलला, ट्रकवर ताडपत्री बांधताना पडलो. डॉक्टर जिवलीकडं वळला, आणि तुम्ही? ती बोलली, मीपण ट्रकवरनं. डॉक्टर काय खुळा नव्हता, पण टाके घालून सोडलं. चंद्राला आठ, जिवलीला पाच.

दुसऱ्या दिवशी जिवली किनाऱ्यावर आली आणि सगळ्या बायांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. बुधी म्हातारी तिच्या पायाशी थुंकली. एक हंगाम कुणी तिच्या शेजारी वलांडी रोवली नाय, मीपण नाय रोवली, खोटं कशाला सांगू. नविन पाच महिने माझ्याकडं जेवला. आईचं नाव काढलं का उठून जायचा. मंग एक दिवस तापाने फणफणत तिच्या दारात गेला, बसला आणि बोलला, भात वाढ. तिने वाढला. तेवढंच झालं, दुसरं काय झालं नाय. पण तवापासून पोराने कुणावर हात टाकलेला मी ऐकला नाय.

माफी म्हणजे काय ते मला नाय ठाऊक गो. मी शाळेत गेले नाय. लोक सांगतात, मन मोकळं करा, विसरा. जिवलीची हनुवटी वाकडी बसलीय, पाणी पिताना सांडतं, ती कशी विसरेल? माफ केलं असं तिने कधी म्हटलं नाय, चंद्रानेपण नाय. मला एवढंच कळतं, आपण केलेलं आपल्या तोंडाने सांगायचं, आणि पोराच्या हातात द्यायचं नाय.

आता नविनचं लगीन ठरलंय, वैशाखात. पोरगी नरपडची, संगिता. तो अडून बसलाय, हळदीला काका पाहिजे, नायतर हळद लावून घेणार नाय. आणि चंद्राचा पत्ता नाय. टाके सुकले तसा तो अच्छाड सोडून गेला. कुणी भिलाड बोलतो, कुणी आणखी वर. जिवलीला विचारलं तर बोलली, मी बोलवणार नाय. मंग बोलली, आला तर ताट वाढीन.

तवा हे वाचणाऱ्या बाबा, बाय, जो कोण असशील तो, हायवेला कुठं ताडपत्र्या शिवणारा म्हातारा दिसला, जबडा वाकडा, डोक्यावर आठ टाक्यांची खूण, तर त्याला एवढा निरोप दे. म्हणावं, वैशाखात नविनची हळद हाय. जिवली बोलवत नाय, पण ताट वाढणार हाय.