बाजूची सीट

काल धाकट्या भावाचं अंथरूण उलगडलं तसा डिझेलचा आणि ताडपत्रीचा वास खोलीभर पसरला, आणि तो नवाच ट्रक ड्रायव्हर झाला होता ते दिवस आठवले. लायसन्स मिळताच वणीच्या एका मालकाने त्याला चांगला पगार देऊ केला होता. मी शिकलेला, म्हणून खिशात प्रश्नांची यादी घेऊन बोलणी करायला सोबत गेलो. नुकताच रंगवलेला ट्रक उन्हात झळकत होता. भावाने पगाराचा विषय काढलाच नाही. "मालक, बाजूले बसा, भरल्या गाडीत एक चक्कर मारू," एवढंच म्हणाला. "मी कायले बसू? माह्यापाशी कार हाय ना," मालक हसला. भावाने नमस्कार केला आणि निघाला. रस्त्यात मी रागावलो, तर म्हणाला, "दादा, जो आपल्या गाडीत बसाले भेते, तो मले कायले बसवते?" मुकुटबनच्या मालकाचा ट्रक जुना होता, पगारही कमी. तिथेही त्याने तेच विचारलं. "माह्याच गाडीत मले लिफ्ट देऊन राह्यला का बाबू?" म्हणत तो मालक चढून बसला. उतारावर ब्रेक दाबताच भरली गाडी जिथल्या तिथे थांबत होती, मालक निवांत सुपारी कातरत होता, आणि मी केबिनमधल्या मागच्या फळीवरून धाकट्या भावाकडे थोरल्याकडे पाहावं तसा पाहत होतो. यादी खिशातच राहिली. त्या मालकाच्या गाडीने त्याला कधी दगा दिला नाही. दिला तो यंदाच्या तापाने; चार दिवसांत तो गेला. काल अंथरूण घेऊन तेच मालक आले, आता थकलेले, आपल्याच ट्रकमधून, बाजूच्या सीटवर बसून.