सात नंबरच्या जागेतलं वाळवण

पाडव्याला गाडी दारात उभी राहणार असं ठरलं होतं. मी झेंडूचा हार करून ठेवला होता, लिंबू-मिरच्या ओवल्या होत्या. सकाळी नऊ वाजता एजंटचा फोन आला. आमचे हे गुढीला साखरेची गाठी बांधत होते, ते तसेच एका हातानं फोन धरून उभे राहिले. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

"दोन दिवस म्हणतोय," फोन ठेवून हे म्हणाले.

गाडीचा हार मी गुढीलाच घातला.

हा एजंट पूर्वी चाकणला यांच्याच कंपनीत लाइनवर होता. नोकरी सोडून नव्या गाड्या मिळवून द्यायच्या धंद्यात पडला. शोरूमवाले आम्हाला पांढऱ्या गाडीसाठी तीन महिने थांबा म्हणत होते. हा म्हणाला, "भाऊ, माझी चार शोरूममध्ये ओळख आहे. पंधरा दिवसांत किल्ली हातात देतो." वीस वर्षं कंपनीच्या बसनं गेलेल्या माणसाला पंधरा दिवस म्हणजे काय. यांनी येताना पेढे आणले आणि त्याच भरात सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगची सात नंबरची जागा पाडव्यापासून आमच्या नावावर लिहून घेतली.

आमची संत तुकाराम नगरमधली बिल्डिंग जुनी आहे. गाड्या जास्त, जागा कमी. सात नंबरवर पत्रा नाही, दिवसभर ऊन, म्हणून ती उरली होती. नियम असा, की जागा महिनाभर रिकामी राहिली तर मागेल त्या दुसऱ्याला द्यायची. आणि मागणारा तयारच होता. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांकडे दोन गाड्या. एक पत्र्याखाली, एक रस्त्यावर. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावरची आमच्या सात नंबरमध्ये उभी.

हे सांगायला गेले तर साहेब म्हणाले, "तुमची आली की काढतो. तोवर जागा काय ऊन खायला ठेवायची का?"

गाडी काढायला लावून यांनी तिथं बादली ठेवली. बादली दुपारपर्यंत बाजूला गेली. खुर्ची ठेवली, ती भिंतीला टेकवलेली सापडली. मग हे मला म्हणाले, "अगं, तू घरीच असतेस. खाली बसत जा ना जरा. माणूस बसलेलं असलं की कोण गाडी घालतंय."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. मी बीडकडची, चौथी शिकलेली. लग्न होऊन इकडे आले तेव्हा एकदा नळावर गावाकडच्या बोलीत काहीतरी बोलले आणि दोन बायका हसल्या. मला हसल्या की आणखी कशाला, ते आजही माहीत नाही. पण तेव्हापासून मी जिन्यात कुणी दिसलं की हातातल्या पिशवीत काहीतरी शोधायचे. अकरा वर्षं अशीच गेली होती. आणि आता सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्यांसमोर खुर्ची टाकून बसायचं.

बसले. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसले. तांदूळ निवडून झाले, डाळ निवडून झाली, मग निवडलेले तांदूळच पुन्हा निवडले. ऊन पाठीवर चांगलं तापत होतं. मला वाटलं, एवढं ऊन वाया चाललंय. आमच्या बिल्डिंगची गच्ची दोन वर्षांपासून कुलुपात आहे. गळतीचं काम केलं आणि वर कुणी जायचं नाही असं ठरलं. तेव्हापासून कुणाच्याच घरी वाळवण नाही. पापड, कुरडया सगळं दुकानातलं.

घरी गेले आणि गहू भिजत घातले. रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला. पाचव्या दिवशी सकाळी चीक शिजवला आणि सात नंबरमध्ये जुनी साडी अंथरून कुरडया घालायला बसले. सोऱ्या फिरवायचा म्हणून भिंतीकडे तोंड करता येईना. तोंड रस्त्याकडे झालं.

तळमजल्यावरच्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या इथल्याच जुन्या गावच्या. त्या आल्या, वाकून बघितलं.

"कुरडया व्हय?"

"हो."

"आन् एवढ्या पातळ घालतीस? तळल्यावर हवेत उडत्याल." माझ्या हातातला सोऱ्या घेऊन त्या खालीच बसल्या. "गुडघं दुखत्यात, पर हे दिसलं की बसवत न्हाई घरात. चीक राहिला असंल तर वाटी आण. तेल घालून."

मी पळतच वर गेले. मावशींच्या बोलण्यावर कुणीच हसत नव्हतं. हसलं असतं तरी मावशींना फरक पडला नसता. हे मी त्या दिवशी वाटी भरताना पहिल्यांदा ध्यानात घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या समोरच्या दारच्या बाई बटाट्याचा कीस घेऊन आल्या. शाळेत शिकवतात त्या. त्यांनी अगदी परवानगी मागितल्यासारखं विचारलं, "जागा होईल का हो थोडी?" मी साडी सरकवली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांच्या मिसेस साबुदाण्याच्या पापड्या घेऊन हजर. "आमच्या यांना सांगू नका हं," म्हणाल्या, "त्यांचा तुमच्या जागेवर डोळा आहे." मावशी म्हणाल्या, "त्यांचा डोळा, तुझ्या पापड्या. बस गुमान."

मी इतकी हसले की मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

इकडे गाडी येत नव्हती. रामनवमीला एजंट म्हणाला, गाडी प्लँटमधून निघाली. हनुमान जयंतीला म्हणाला, यार्डात आली. मग म्हणाला, पासिंगला गेलीय, फक्त दोन दिवस. यांच्या बसला रोज गाड्या भरलेले ट्रेलर आडवे जायचे. हे खिडकीतून त्यातल्या पांढऱ्या मोजायचे आणि घरी येऊन सांगायचे, "आज अकरा गेल्या. आपली कोण जाणे त्यात होती का." मला त्यांची दया यायची. पण खरं सांगायचं तर "दोन दिवस" ऐकलं की माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. देवापुढे हात जोडले की काय मागावं कळायचं नाही. गाडी येऊ दे म्हणायचे, आणि मग हळूच, घाई नाही, असंही म्हणायचे. गाडी आली की सात नंबर गेला. सात नंबर गेला की मी पुन्हा पिशवीत तोंड घालून जिना चढणार.

अक्षय तृतीया दोन दिवसांवर आली, तरी गाडी नाही. समोरच्या बाईंच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. रुखवतात घरच्या रंगीत कुरडया ठेवायच्या असं आम्हीच ठरवलं. बाई नको नको म्हणत होत्या, पण त्यांचे डोळे भरले. चौघींनी मिळून घाट घातला. लाल, हिरव्या, पिवळ्या, ताटाएवढ्या मोठ्या कुरडया. तीन साड्या भरून सगळा सात नंबर झाकून गेला. दुपारी अडीच वाजले होते. कुरडया वरून सुकल्या होत्या आणि खालून ओल्या. अशा वेळी हात लावला तर तुकडे होतात.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला.

पांढरी गाडी, बोनेटवर लाल रिबीन. आत आमचे हे, आणि शेजारी एजंट. मला चकित करायचं म्हणून यांनी अर्धा दिवस रजा टाकली होती आणि घरी कळवलंच नव्हतं. यांचा चेहरा असा फुलला होता की लग्नातही मी तसा बघितला नव्हता.

एजंट उतरला, हात जोडून म्हणाला, "वहिनी, उशीर झाला, पण शब्द पाळला. हे जरा गुंडाळून घ्या, गाडी आत घेऊ."

साहेब वर गॅलरीत उभे होते. उद्या महिना भरत होता. गाडी आज जागेवर उभी राहिली नाही तर साहेब बोलणार आणि नियमानं बरोबर बोलणार, हे मला कळत होतं. ह्यांच्याकडे बघितलं. ते स्टिअरिंगला दोन्ही हात धरून बसले होते. समोरच्या बाई पटकन वाकल्या आणि साडीचं टोक उचलायला लागल्या. "काढते हो, काढते, तुमचा आजचा दिवस मोठा आहे." पहिली लाल कुरडई मधोमध वाकली.

"ठेवा खाली," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं. मग एजंटकडे बघून म्हणाले, "दोन दिवस थांबा."

बाईंच्या हातातलं साडीचं टोक घेऊन मी खाली ठेवलं. आणि मग गाडीतून हसण्याचा आवाज आला. हे हसत होते. हसता हसता यांचा हात हॉर्नवर पडला आणि तो पुन्हा वाजला. "काय राव," हे एजंटला म्हणाले, "महिनाभर आम्ही थांबलो. आता तू थांब दोन दिवस. फक्त दोन."

वरून साहेब म्हणाले, "अहो पण उद्या महिना..." त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. कुरडयांच्या रंगानं माखलेले हात पदराला पुसत, वर बघून त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "अहो, खाली या आणि आपली पत्र्याखालची गाडी काढा. यांची नवी आहे, उन्हात कशाला." मावशी म्हणाल्या, "आन् येताना चावी इसरू नका. तेवढ्यासाठी परत जाल आन् झोपाल."

साहेब आले. चावी घेऊन आले. त्यांच्या दोन्ही गाड्या दोन दिवस रस्त्यावर राहिल्या आणि आमची पत्र्याखाली. जाताना त्यांनी एक वाकलेली कुरडई उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले, "ओली आहे अजून." ते बघून समोरच्या बाईही हसल्या. लग्नातल्या पाहुण्यांनी रुखवतापुढे उभं राहून त्या कुरडयांचे फोटो काढले.

गाडी आता सात नंबरमध्येच उभी असते. हे पहिल्या शिफ्टला कंपनीतल्या तिघांना घेऊन पहाटे निघतात, ते दुपारी साडेतीनला येतात. तोवर जागा रिकामी आणि ऊन सगळं आमचं. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात गाडी सकाळभर तिथंच, त्यामुळे वाळवण बंद. हे सगळ्या बिल्डिंगला पाठ झालंय. काल भाजी आणायला निघाले तर जिन्यात मावशींनी गाठलं.

"पुढल्या हप्त्यात तुझ्या मालकाची कंची शिफ्ट?"

"पहिली."

"मग मी उडीद दळून आणते," मावशी म्हणाल्या, आणि आम्ही दोघी तिथंच पायरीवर बसून किती पापड होतील ते ठरवत बसलो. भाजी राहिलीच.