वारस घरी राहिला पाहिजे

आगगाडीला इतकं जवळून ओळखणारा आणि इतका भिणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज अवघ्या भूतलावर दुसरा झाला नसेल. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. लोणावळा स्टेशनात नोकरीला होते. घाट उतरून मुंबईकडे जाणारी गाडी लोणावळ्याला थांबली की तिची चाकं आणि ब्रेक तपासायचे, हे त्यांचं काम. लांब दांड्याची हातोडी घेऊन ते गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक चाकाला एकेक टोला देत जात आणि मान तिरकी करून आवाज ऐकत. चांगलं चाक घंटेसारखं बोलतं आणि तडा गेलेलं फुटक्या मडक्यासारखं, असं ते सांगत. तीस वर्षं सगळी चाकं घंटेसारखीच बोललेली ऐकल्यावर कुणाही माणसाचा चाकांवर विश्वास बसला असता. मामांचं उलट झालं. इतकी वर्षं काही झालं नाही म्हणजे आता व्हायची वेळ जवळ आली, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो दरवर्षी आणखी पक्का होत गेला.

ठोकून बघायची ही सवय स्टेशनात राहिली असती तर ठीक होतं. पण मामा बाजारात नारळ ठोकत, माठ ठोकत, दुसऱ्याच्या घरी गेले की बसण्याआधी खुर्ची ठोकत. आमच्या लग्नात आलेला पलंग त्यांनी चारही पायांवर ठोकून पाहिला आणि "डावा मागचा जपा, जावईबापू," एवढाच शेरा देऊन जेवायला गेले. मी खूप हसलो. तो पाय संक्रांतीला गेला. त्याहीआधी, आमचं लग्न ठरायच्या वेळी मुलाची चौकशी करायला हेच आले होते. पगार, गोत्र, पत्रिका यांतलं काहीएक न विचारता त्यांनी मला विचारलं, "पुण्याहून येताना कुठल्या डब्यात बसता?" मी म्हटलं, जो समोर येईल त्यात. मामांनी घरी जाऊन माझ्या सासऱ्यांना सांगितलं की मुलगा निर्व्यसनी आहे, मास्तरकी कायम आहे, पण स्वभावाने बेफिकीर आहे. पोरीला द्यायला हरकत नाही, पण लक्ष ठेवावं लागेल. ते लक्ष त्यांनी पुढे जन्मभर ठेवलं.

जागा निवडणं हा मामांच्या दृष्टीने अर्धा प्रवास होता. एस.टी.त चाकावरची जागा नको, कारण धक्के. ड्रायव्हरच्या मागची नको, कारण समोरून काही आलं तर पहिला फटका तिथे. मागची नको, कारण येणारं मागूनही येऊ शकतं. दाराजवळची त्यातल्या त्यात बरी, पण दार नीट लागतं की नाही ते आधी बघायला हवं. ते बघेपर्यंत बस भरलेली असे, आणि लोणावळ्याहून वडगावापर्यंत मामा दांडीला लोंबकळत जात. आगगाडीत तर त्यांचा नियमच होता की सबंध कुटुंबाने एका डब्यात बसायचं नाही. "सगळे एका डब्यात? ही काय पंगत आहे, जावईबापू?" असं ते मला विचारत. कऱ्हाडला एका मुंजीला निघालो तेव्हा त्यांनी आमचे दोन भाग केले. मामी आणि जेवणाचा डबा मागच्या बोगीत, मामा आणि आमची भूक पुढच्या बोगीत, असे आम्ही दिवसभर गेलो. मधल्या स्टेशनावर गाडी थांबली की मामा अर्ध्या प्लॅटफॉर्मपर्यंत पळत जात, आणि शिट्टी झाली की रिकाम्या हाताने पळत परत येत.

एकदा त्यांच्या हाताखालच्या माणसाच्या घरी लग्न होतं, आंदर मावळात. कान्हे स्टेशनात उतरून पुढे बैलगाडी. मामांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि छत्रीच्या दांड्याने चाक ठोकलं. गाडीवान विडी ओढत बघत होता. तो म्हणाला, "लाकडाचं चाक हाय, आबा. ठोकून काय बोलंल त्ये?"

"दोन गाड्या करा," मामा म्हणाले.

"आवं, बैलं हायती, इंजान न्हाई. लय तर लय चिखलात रुततील."

"रुतली तर?"

"मंग तुमी उतरायचं आन् ढकलायचं. व्हय, दुसरं काय?"

"मग ढकलायला माणसं कुठून आणायची? दुसरी गाडी हवीच," मामा म्हणाले. दोन गाड्या झाल्या. गंमत अशी की रुतली ती दुसरी, ती ढकलायला पहिलीतली माणसं उतरली, आणि मामा वाटभर विजयी मुद्रेने बसले होते.

या सगळ्यात मामींचं काय होत होतं, हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला. मामांना नोकरीमुळे दरवर्षी कुटुंबासाठी फुकट प्रवासाचा पास मिळे. तो ते नेमाने काढत आणि नेमाने फडताळात ठेवत. कधी पावसामुळे दरडीचं भय, कधी उन्हाळ्यात रूळ तापतात म्हणून, कधी नुसतंच मन घेत नाही म्हणून, पासाची मुदत फडताळातच संपत असे. गेलेच कुठे तर वेगवेगळ्या डब्यांतून. एकतीस वर्षांच्या संसारात ही दोघं एका बाकावर शेजारी बसून कुठेही गेलेली नव्हती. मामी तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण मामा निवृत्त व्हायला वर्ष उरलं, तेव्हा एका दुपारी वाटाणे सोलता सोलता त्या म्हणाल्या, "यंदाचा पास नोकरीतला शेवटचा. मला म्हैसूरला जायचंय. सगळ्यांनी मिळून." इतक्या वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती, त्यामुळे मामांना नाही म्हणायचं कसं ते सुचलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मामा, मामी, त्यांची मुलगी शैला, मी आणि माझी बायको, असं जायचं ठरलं.

मामांनी ताबडतोब पुण्याच्या रिझर्वेशन कचेरीला पत्र धाडलं. बंगलोरच्या गाडीत पाच जागा हव्यात, पैकी दोन मधल्या डब्यात, दोन शेवटून तिसऱ्या डब्यात, आणि एक 'आपणांस योग्य वाटेल तेथे, परंतु इंजिनापासून दूर.' तिकडून उत्तर आलं की आपल्या मंडळींचं आपसांत पटत नसल्यास वेगवेगळ्या दिवशी प्रवास करावा. मामांनी त्यावर मनापासून विचार केला. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की हल्ली प्रवासाचाही विमा निघतो, आणि तळेगावचा एक विमा एजंट त्यांच्या हाती सापडला. एजंट लोकांच्या मागे लागतो, हे आपण पाहतो. हा बिचारा चार दिवस मामांना चुकवत बाजारपेठेतून मागच्या गल्लीने जात होता.

"घाटात दरड आली तर?" मामांनी त्याला विचारलं.

"पैसे मिळतील."

"गाडी रुळावरून घसरली तर?"

"मिळतील, साहेब."

"गाडी थांबली, आम्ही चहाला उतरलो, आणि गाडी सुटली तर?"

"त्याला अपघात म्हणत नाहीत, साहेब."

"म्हणजे जे होण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे, नेमका त्याचाच विमा नाही होय?" मामा म्हणाले, आणि तरीही त्यांनी फॉर्म घेतला.

त्या फॉर्मात सगळ्यात खाली एक ओळ होती, वारसाचं नाव. त्या ओळीवर मामा तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "सगळेच गाडीत, तर पैसे घेणार कोण? वारस घरी राहिला पाहिजे. मी थांबतो. तुम्ही चौघं जाऊन या." आणि एक फार मोठा पेच सोडवल्यासारखे ते पुन्हा आमटीकडे वळले.

मामींनी हातातली पळी पातेल्यात ठेवली. "मग मीही जात नाही," त्या म्हणाल्या. "तो पास फडताळात ठेवा. आधीचे आहेत तिथे, सोबत होईल त्याला."

"अगं, पण तुला म्हैसूरची कारंजी बघायची होती ना?"

"कारंजी कॅलेंडरवरही दिसतात. मला तुमच्या शेजारी बसून जायचं होतं. एकदा तरी. खिडकीसुद्धा तुम्हीच घेतली असतीत तरी चाललं असतं मला."

मला मामींची फार दया आली, आणि मामांचा असा राग आला की त्यांना ठोकून बघावं, आत काही वाजतंय का. पण त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरलेला होता. हा माणूस स्वतःच्या जिवाला भीत नव्हता. आपल्या माणसांपैकी एकाला जरी काही झालं तर, या भीतीने तो आयुष्यभर आपल्याच माणसांना वेगवेगळ्या डब्यांत कोंबत आला होता. मी म्हटलं, "मामा, वारस मी होतो. मी राहतो घरी." म्हैसूर मलाही बघायचं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. बायकोने शेजारच्या पाटावरून मला चिमटा काढला तो कौतुकाचा होता की रागाचा, ते मी अजून विचारलेलं नाही.

मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वारस टिकाऊ हवा," ते म्हणाले. आणि मग टिकाऊपणाची कलमं सुरू झाली. परतेपर्यंत वारसाने सायकल चालवायची नाही. नागफणीच्या कड्याकडे फिरकायचं नाही. धरणावर पोहायला जायचं नाही. कौलं सैल झालेल्या घरांच्या पागोळीखालून चालायचं नाही, फटाके दुरूनच बघायचे. मी सगळं कबूल केलं. मामींनीही त्या बैठकीतच आपलं एकमेव कलम मांडलं, की चारही जागा एका डब्यात, आणि आपली व मामांची अगदी शेजारी शेजारी. मामांना हे गिळायला दोन दिवस लागले, पण गिळलं. पुण्याच्या कचेरीला दुसरं पत्र गेलं. 'आमचे पटले आहे,' अशी त्याची सुरुवात होती.

निघायच्या दिवशी मला पुण्यापर्यंत पोचवायला जाण्याचीसुद्धा परवानगी नव्हती, कारण तोही प्रवासच. मी लोणावळ्याच्या प्लॅटफॉर्मवर, कडेपासून दोन हात मागे, निरोप द्यायला उभा राहिलो. मामा रजेवर होते. पण गाडी आल्यावर त्यांनी ड्यूटीवरच्या माणसाच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि नव्या कोटात, गळ्यात मफलर, असे इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत सगळी चाकं ठोकत गेले. गार्ड ओळखीचा होता, म्हणून थांबला. शेवटी मामींनीच खिडकीतून हाक मारली, "अहो, झाली ना बोलून सगळ्यांशी? चला आता." मामा चढले आणि मामींच्या शेजारी, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. गाडी हलली. जन्मभर गाड्या सुटताना बाहेरून बघितलेल्या माणसाला आतून निरोप घेताना काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं. हात हलवायचं त्यांना सुचलं नाही. ते फक्त ओरडले, "वारस, मागे सरा!"

दहा दिवस मी मागे सरूनच राहिलो. शाळेतले सहकारी मला 'वारससाहेब' म्हणू लागले, आणि दिवाळीचा फराळ मी एकट्याने, सावकाश चावून, ठसका लागू न देता खाल्ला. मंडळी सुखरूप परत आली. विमा वाया गेला, असं मी मामांना चिडवलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "वाया? तुम्ही धडधाकट आहात ना?"

म्हैसूर कसं झालं, ते मी मामींना विचारलं. त्यांनी पाहिलेल्या राजवाड्याचं आणि कारंज्यांचं वर्णन एका वाक्यात संपवलं. मग म्हणाल्या, "हुबळीच्या अलीकडे एक गंमत झाली. पुण्यापासून हे चाकांचा आवाज ऐकत बसलेले. पापणीला पापणी नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि एकाएकी यांची मान माझ्या खांद्यावर. घोरायलाच लागले! हुबळी आलं, चहावाला ओरडून गेला. शैला म्हणाली, बाबांना उठव. म्हटलं, नको गं. हावेरी गेलं तरी झोपलेलेच. हात पार बधिर झाला माझा, पण मी हलवला नाही."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शैलाची मुलं कधी आजीला म्हैसूरबद्दल विचारतात, तेव्हा मामी हुबळीपासून हावेरीपर्यंतचंच सांगतात, आणि सांगताना उजवा खांदा जरासुद्धा हलू देत नाहीत.