तांदळातले देव

सासूबाईंसाठी बोललेले नवस फुकट गेले, त्या वारल्या, आणि त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी वेस्ट विंडसरच्या घरातून देव हद्दपार केले. "तळ्यात सोडून आलो," म्हणाले. तेव्हापासून घरात निरांजन नाही. मी धुसफुसत राहिले, पण ह्यांच्यापुढे कोणाचं चालतंय!

यंदा ह्यांचं हार्टचं ऑपरेशन ठरलं आणि बेसमेंटमधून कापराचा वास येऊ लागला. भर दुपारी. सासूबाईंच्या पदराला यायचा, अगदी तसाच. मी घाबरले. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "भास होतोय तुला."

मुलगी कॉलेजात इतिहास शिकवते. ऑपरेशनसाठी घरी आली होती आणि जेवणाच्या टेबलावर लेक्चर तयार करत होती. विषय इंग्लंडची एक राणी. तिच्या प्रोटेस्टंट भावाच्या राज्यात चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, चित्रांवर चुना फासला. तो गेल्यावर राणीने जुना कॅथलिक धर्म परत आणला. न मानणाऱ्यांना जिवंत जाळलं.

"आणि आई, मूर्ती परत आल्या! गवताच्या माळ्यातून, फ्लोअरखालून. दे वेअर जस्ट हिडन."

"कोणी लपवल्या होत्या?"

"ज्यांना फोडायला सांगितलं होतं ना, कधीकधी त्यांनीच."

पोळी तव्यावरच करपली. हे सोफ्यावर डुलकी काढत होते. मी खाली गेले.

फर्नेसमागे सासूबाईंचा स्टीलचा डबा होता. गावाला जाताना देव उपाशी राहू नयेत म्हणून त्या ते तांदळात ठेवून जायच्या. तसेच होते सगळे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पूर्वजांचे चांदीचे टाक. तांदूळ ताजे, कुंकू ओलं. अंगावर काटा आला आणि संतापही आला. इतकी वर्षं मला अंधारात ठेवलं!

मग आणखी एक टाक हाताला लागला. नवा, कोरा. माणूस गेला की त्यावर त्याची आकृती उठवून घेतात. आमच्या घरात एवढ्यात कोणी गेलेलं नव्हतं.

तो टाक मी ओढणीच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधला आणि देव वर आणून ओट्याशेजारी मांडले. हे जागे होऊन आले. कुठे सापडले, विचारलं नाही. एकेका देवावरून बोट फिरवत गेले.

"एक कमी आहे," म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "हवे तेवढेच आहेत."